अण्णांची क्रिकेटची पुस्तकं विकताना

१० मार्च २०२४ च्या रविवारी आमच्या सदाशिव पेठेतल्या सोसायटीची रीडेव्हलपमेंटची बैठक झाली आणि जागा रिकामी करायची तारीख ठरली, ३० नोव्हेंबर. घरी आल्यावर माझी नजर आधी गेली ती अण्णांच्या दोन लोखंडी कपाटांकडे. भाड्याच्या घरात ती मावणार नव्हती, आणि नव्या फ्लॅटमध्येही त्यांना भिंत उरणार नव्हती.

अण्णा माझे सासरे. शाळेत पी.टी.चे शिक्षक होते, २०२१ मध्ये गेले. पगार बेताचा, पण खेळावरचं पुस्तक दिसलं की हात थांबत नसे. अप्पा बळवंत चौकातले फूटपाथ, बुधवार-रविवारचा जुना बाजार, ओळखीच्या रद्दीवाल्यांची गोदामं, सगळीकडे त्यांची फेरी असे. मोजली तेव्हा खेळाची १३१ पुस्तकं निघाली. ती विकायला मला आठ महिने लागले. सुरुवातीला कुणाला विचारावं तेही कळत नव्हतं. कुणाच्या तरी घरात असंच कपाट असेल, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

पहिलं काम कागदाचं. पुस्तकं अण्णांची, म्हणजे त्यांच्या माघारी ती एकट्या माझ्या नवऱ्याची नव्हेत. भावजी ठाण्याला, वन्सं नागपूरला. तिन्ही भावंडांनी साध्या कागदावर लिहून सह्या केल्या की पुस्तकं विकायला हरकत नाही आणि येणारे सगळे पैसे आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, खात्यात जमा व्हावेत. पुस्तकांसाठी एवढं कशाला, असं वन्सं फोनवर म्हणाल्या, पण पुढे ऑक्टोबरमध्ये याच कागदाने घरातली कटुता टळली.

२४ मार्चला एक जुन्या पुस्तकांचे व्यापारी येऊन गेले. दहा मिनिटं कपाटासमोर उभे राहिले, वरच्या फळीवरची तीन-चार पुस्तकं खालीवर केली आणि सगळ्याचे मिळून पंधरा हजार म्हणाले. उद्या टेम्पो पाठवतो, तुम्हाला एक बोटही लावावं लागणार नाही. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. ते गेल्यावर आई आतून म्हणाल्या, “अगं, त्यांनी एक तरी पुस्तक उघडून बघितलं का?”

त्या व्यापाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही. गाळ्याचं भाडं, वर्षानुवर्षं पडून राहणारा माल, दहातली सात पुस्तकं कधीच न खपणं, हे सगळं त्यांच्या आकड्यात धरलेलं असतं. ज्याला वेळच नाही त्याच्यासाठी तो सौदा वाईट नव्हे. माझ्याकडे आठ महिने होते.

एप्रिल आणि अर्धा मे यादीत गेला. रोज रात्री जेवणं झाली की तीन-चार पुस्तकं. नाव, प्रकाशक, साल, आवृत्ती, पानं सलग आहेत का, चित्रांची पानं किती आणि अनुक्रमणिकेत सांगितलेली सगळी आहेत का, पुठ्ठा, पाठीवरची अक्षरं, कुणाचं नाव किंवा शिक्का. जुन्या पुस्तकांत चित्रांच्या पानांना वेगळे आकडे असतात किंवा आकडेच नसतात, त्यामुळे एखादं फोटोचं पान ब्लेडने कापून नेलेलं असेल तर पानांच्या क्रमांकावरून कळत नाही. शिवणीत बोट फिरवलं की कापलेली कड लागते. अण्णांच्या संग्रहात अशी चार पुस्तकं निघाली. कसरीने खाल्लेली अकरा. डांबराच्या गोळ्यांचा वास तर सगळ्यांनाच होता. तो घालवायला पुस्तकं पंधरा दिवस सावलीत, पंख्याखाली, उभी आणि जरा उघडी ठेवली. उन्हात ठेवू नका, पुठ्ठे वाकतात.

अण्णांचा जीव होता तो विस्डेनवर. विस्डेन म्हणजे इंग्लंडमधून १८६४ पासून दरवर्षी निघणारा क्रिकेटचा जाडजूड वार्षिक ग्रंथ. १९३८ पासून त्याचं मुखपृष्ठ पिवळं आहे आणि संग्राहकांना हवा असतो तो नेमका हा पिवळा रंग. अण्णांकडे १९४७ ते १९८३ मधले २९ अंक होते. त्यातले १८ त्यांनी मंडईजवळच्या बाइंडरकडून मरून रेक्झिनमध्ये बांधून घेतले होते, पाठीवर सोनेरी साल. लहानपणी माझ्या मुलाला ते कपाट राजवाड्यातलं वाटायचं. मी त्या अठरा पुस्तकांची किंमत जास्त धरली होती, कारण ती भक्कम होती आणि देखणी दिसत होती.

मे महिन्यात ज्यांच्याशी पहिल्यांदा बोलले ते चिंचवडचे एक संग्राहक. ते फोनवर थोडा वेळ गप्प राहिले. मग अगदी हळुवारपणे म्हणाले, “ताई, मूळ पिवळी कव्हरं आत बांधली आहेत का बघा. आणि पुढच्या-मागच्या जाहिरातींची पानं?” मी सगळे अंक पाहिले. एकाही अंकात कव्हर नव्हतं. जाहिरातींची पानं बाइंडरने बिनकामाची म्हणून काढून टाकली होती. संग्राहकाच्या हिशेबात ते अंक अपुरे. अण्णांनी पदरचे पैसे घालून, पुस्तकं टिकावीत म्हणून जे केलं, त्यानेच त्यांची किंमत निम्म्याहून खाली आली. हे मी आईंना सांगितलं नाही, अजूनही नाही. तुमच्या घरी जुनी पुस्तकं असतील आणि विकायचा विचार मनात असेल, तर बाइंडिंग करू नका, चिकटपट्टी लावू नका, पेन्सिलच्या खुणाही पुसू नका. आहे तसं राहू द्या.

उरलेले अकरा मूळ रूपात होते, त्यात १९४७ चा अंक. १९४६ मध्ये भारताचा संघ इंग्लंडला गेला होता आणि त्या दौऱ्यातल्या खेळामुळे १९४७ च्या विस्डेनने वर्षाच्या पाच क्रिकेटपटूंत विनू मांकड यांना घेतलं. म्हणून आपल्याकडचे संग्राहक हा अंक आवर्जून विचारतात. अमुक पुस्तक किती जुनं याच्यापेक्षा ते कुणाला हवंय याने किंमत हलते, हे मला या एका अंकाने शिकवलं. त्याहून जुनं, १९२० च्या आसपासचं टेनिसचं एक पुस्तक शेवटपर्यंत कुणी तीनशेलाही घेतलं नाही.

किंमत ठरवायला बसले तेव्हा आधी नेटवर शोधलं आणि अधिकच गोंधळले. एकाच सालाच्या अंकाला कुणी १८ पौंड मागत होता, कुणी १४०. दोन दिवसांनी लक्षात आलं की या सगळ्या मागितलेल्या किमती आहेत. १४० वाला कदाचित सहा वर्षं मागतच बसला असेल. बघायची ती विकली गेल्याची किंमत. काही साइटवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवायची सोय असते, आणि लिलाव करणाऱ्या कंपन्या निकाल जाहीर करतात. मी प्रत्येक महत्त्वाच्या पुस्तकासाठी असे तीन निकाल शोधले, मधला धरला, आपल्या प्रतीतले दोष वजा केले. आणि तो आकडा दोन भारतीय संग्राहकांना विचारून घेतला, कारण पौंडाला रुपयाने गुणून पुण्यातली किंमत निघत नाही. शेवटी माझी कसोटी साधी झाली. घेणाऱ्याने “एवढे का?” विचारलं तर मला न अडखळता कारण सांगता आलं पाहिजे. जिथे अडखळले तिथे आकडा बदलला. काही ठिकाणी तो वरही गेला.

जूनमध्ये मात्र माझी चूक झाली. क्रिकेटपटू रणजितसिंहजींचं ‘ज्युबिली बुक ऑफ क्रिकेट’ अण्णांकडे होतं. साल १८९७, म्हणजे पहिलीच आवृत्ती, असं मी गृहीत धरलं आणि अठरा हजार सांगितले. मुंबईच्या एका गृहस्थांनी नाव-पानाचा जवळून फोटो मागवला. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा मलाच दिसलं, बारीक अक्षरांत आवृत्तीचा क्रमांक छापलेला होता. हे पुस्तक इतकं खपलं होतं की त्याच वर्षात त्याच्या पाठोपाठ आवृत्त्या निघाल्या. मोठ्या कागदावरची, सहीची, ३५० प्रतींची खास आवृत्ती वेगळीच. साल बरोबर होतं, आवृत्ती चुकली होती. त्याच रात्री मी त्यांना चूक कळवली आणि नवी किंमत साडेपाच हजार सांगितली. त्यांनी ते घेतलं, आणि पुढे माझ्याकडे तीन गिऱ्हाइकंही पाठवली.

त्याच पुस्तकासाठी इंग्लंडहूनही विचारणा आली होती. मोह झाला. पण १९७२ चा पुरावस्तू आणि कलाकृतींविषयीचा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं-दस्तऐवज त्याच्या कक्षेत येऊ शकतात, आणि पुरावस्तू देशाबाहेर खासगीरीत्या पाठवता येत नाहीत. आपली वस्तू त्यात बसत नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आणावा लागतो. तो खटाटोप माझ्या वेळेत बसणारा नव्हता. यादीवर लिहून टाकलं, फक्त भारतात पाठवू.

जुलै गेला शिक्क्यांत. दोन पुस्तकांवर एका शाळेच्या ग्रंथालयाचा गोल शिक्का होता आणि आत दाखल क्रमांक. अण्णा तिथे कधी नोकरीला नव्हते, बहुधा रद्दीतून आली असावीत. पण ‘बहुधा’वर विकणं मला पटेना, आणि नीट संग्राहक असा शिक्का बघून पहिला प्रश्न तोच विचारतो. १ जुलैला शाळेत गेले. अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिला, पुस्तकांच्या शिक्क्याच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. ९ तारखेला गेले तर ग्रंथपाल रजेवर. तिसऱ्या खेपेला, २४ जुलैला, ग्रंथपालबाईंनी कापडी पुठ्ठ्याची जुनी दाखल नोंदवही काढून ठेवली होती. १९८७ च्या निर्लेखन यादीत, म्हणजे संग्रहातून बाद केलेल्या पुस्तकांच्या यादीत, एक पुस्तक सापडलं, लाल शाईने खोडलेलं. त्याबद्दल शाळेच्या लेटरहेडवर पत्र मिळालं, ‘सदर पुस्तक निर्लेखित केलेले असून शाळेची हरकत नाही’. दुसरं यादीत नव्हतं. ते मी टेबलावर ठेवलं आणि पोच घेतली. बाईंनी लगेच त्यावरची धूळ पदराने पुसली. तीन खेपा, रिक्षाचे सव्वाचारशे रुपये. जुन्या पुस्तकावर ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि ‘रद्द’ किंवा ‘निर्लेखित’चा शिक्का नसेल तर हे करून घ्या, अगदी शंभर रुपयांचं पुस्तक असलं तरी.

१७ ऑगस्टला यादी व्हॉट्सअ‍ॅपवर वीस-बावीस जणांना पाठवली. प्रत्येक पुस्तकाचे पाच फोटो, त्यातले दोन दोषांचे. एक ओळ दोषांची: ‘पाठ फिकट, पान ४१२ ला पाण्याचा डाग, वास नाही.’ किंमत एकच, सगळ्यांना सारखी. कुणी आधी मागितलं तर आठ दिवस राखून ठेवणार, पैसे नाही आले तर पुढच्याला. घासाघीस होणारच, आणि ती मी वाईट मानत नाही. पण कुणी दोष दाखवून कमी मागितलं तर ऐकायचं, नुसतंच “ताई, जमवा ना” म्हटलं तर नाही, असं ठरवलं होतं. दोष मीच आधी लिहिल्यामुळे बहुतेकांनी किंमत फारशी ताणली नाही.

१९४९ च्या अंकाचा दोष लिहिताना हात थांबला. आत वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, भाऊसाहेब निंबाळकर ४४३ नाबाद. एका डावात सर्वाधिक धावांच्या ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना काठियावाडच्या संघाने सामना सोडून दिला होता. अण्णा तेव्हा दहा वर्षांचे, वडिलांबरोबर मैदानावर होते. ती गोष्ट आम्ही घरात किती वेळा ऐकली असेल! स्वस्त कागदातलं आम्ल शेजारच्या पानांत उतरतं, त्यामुळे सत्तरेक वर्षांत कात्रणाच्या आकाराचा चौकोनी तपकिरी डाग समोरासमोरच्या दोन्ही पानांवर पडला होता, कातरीची तिरकी कड दिसावी इतका स्पष्ट. कात्रण आईंना दिलं. यादीत लिहिलं, ‘पान ७८०-८१ वर कात्रणाचा डाग’, आणि दोनशे रुपये कमी केले. घेणाऱ्या मुलाने डागाची गोष्ट विचारली, मी सांगितली. तो म्हणाला, मग दोनशे कमी कशाला करता? पण मी सांगितलेलीच किंमत घेतली. कात्रण आमच्याकडे राहिलं होतं, त्याच्याकडे फक्त डाग जाणार होता.

पैशांचं म्हणाल तर यूपीआय किंवा बँकेतून, आईंच्या खात्यात. एकाने पुस्तक न बघताच पूर्ण किमतीची तयारी दाखवली आणि एक क्यूआर कोड पाठवून “हा स्कॅन करा म्हणजे पैसे येतील” म्हणाला. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. नंबर ब्लॉक केला. बाकी सगळे व्यवहार स्वच्छ झाले. प्रत्येकाला सहीची पावती दिली, दोषांची ओळ तीवरही लिहिली. पोस्टाने जाणारी पुस्तकं आधी प्लास्टिकमध्ये, मग बबलरॅपमध्ये, मग दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, कोपरे दुहेरी. हजारावरच्या प्रत्येक पार्सलचा विमा उतरवला. ग्रामपर्यंत वजन दाखवणारा काटा घरी असला तर पोस्टातल्या खेपा वाचतात.

सगळ्यात कठीण गेलं ते क्रिकेटच्या बाहेरचं, व्यायाम ज्ञानकोश. बडोद्याहून द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांनी संपादून १९३६ ते १९४९ या काळात काढलेले दहा खंड, तेही मराठीत. कुस्ती, मल्लखांब, आसनं, देशी-विदेशी खेळ, शेकडो फोटो. अण्णांकडे नऊ होते. सहावा तीस वर्षं शोधूनही मिळाला नव्हता. याचे लिलावाचे निकाल कुठेही सापडेनात. दोन संग्राहक, एक निवृत्त ग्रंथपाल आणि एका जुन्या दुकानदारांना विचारलं. सुटा खंड त्यांच्या पाहण्यात दोन ते चार हजारांना गेला होता. मी तीन हजार धरून नवाचे सत्तावीस हजार ठरवले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिघांनी विचारलं. कोल्हापूरच्या तालमीतल्या एका वस्तादांना फक्त कुस्तीचा खंड हवा होता, पोरांना डावांचे जुने फोटो दाखवायला, साडेतीन हजार द्यायला तयार. मुंबईच्या एका खरेदीदाराने नवाचे छत्तीस हजार सांगितले आणि सुटे करून विकणार हेही मोकळेपणाने सांगितलं. तिसरे नारायण पेठेतले निवृत्त प्राध्यापक. त्यांच्याकडे चार खंड होते, आणि त्या चारांत सहावा होता.

नऊ हजारांचा फरक माझा असता तर मी विचारच केला नसता. पण पैसे आईंचे होते, आणि दुसऱ्याच्या पैशाने उदार होणं मला योग्य वाटत नव्हतं. आईंपुढे तिन्ही गोष्टी मांडल्या. त्या म्हणाल्या, “नऊ जमवायला त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. सुटे करू नकोस.” भावजींना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, जास्त देणारा समोर असताना तीच बाजाराची किंमत, आणि आईच्या औषधपाण्याला नऊ हजार थोडे नाहीत. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण कागदावर पैसे आईंचे असं लिहिलेलं होतं, त्यामुळे निर्णयही त्यांचाच राहिला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्राध्यापक रिक्षा घेऊन आले, सहावा खंड पिशवीतून बरोबर आणलेला. आईंच्या समोर टेबलावर त्यांनी दहाही खंड ओळीने मांडले. पाचव्याच्या आणि सातव्याच्या मध्ये तो शिरला तेव्हा आई उठून जवळ आल्या, चष्मा पुसला आणि पाठीवरून हात फिरवत एक ते दहा मोजले. वस्तादांचं मी प्राध्यापकांच्या कानावर घातलं होतं. दिवाळीनंतर वस्ताद दोन मुलांना घेऊन पुण्यात आले आणि दोन दिवस त्यांच्या घरी बसून खंड बघून गेले.

हिशेब असा. बांधलेले अठरा विस्डेन एकत्र तेरा हजारांना गेले, मूळ रूपातले अकरा अठ्ठावीस हजार पाचशेंना. ज्युबिली बुक साडेपाच हजार, ज्ञानकोश सत्तावीस हजार, बाकीची ६१ पुस्तकं एकोणीस हजार दोनशे. एकूण शंभर पुस्तकं, ९३,२०० रुपये. पॅकिंग, पोस्ट, विमा, रिक्षा मिळून ५,२०० खर्च. सीएंना विचारून सगळ्या पावत्यांची एक फाइल केली. २७ पुस्तकं एका वाचनालयाला यादीसकट भेट दिली, एक शाळेत परत गेलं. तीन घरी ठेवली. त्यातल्या एकावर क्रिकेटपटू दि. ब. देवधरांची सही आहे, अण्णांनी त्यांच्या घरी जाऊन घेतलेली. तिची किंमत मी कुणाला विचारली नाही.

२६ नोव्हेंबरला कपाटं भंगारात गेली, किलोच्या भावाने. भाड्याच्या घरात आईंच्या पलंगाशेजारी एक छोटी फळी ठोकून घेतली आहे. तीन पुस्तकं आणि ते कात्रण, आता आम्लरहित कागदाच्या पाकिटात, तिथे आहे. एक पार्सल नाशिकहून परत आलं होतं, पत्त्यात पिन चुकला होता माझ्याकडून. ते नव्याने बांधलं आहे, सकाळी पोस्ट उघडलं की टाकायचं.